माझ्या नावाने उघडलेलं दार

गुरुजी गंगेवरून वर आले की जिन्याच्या चौथ्या पायरीवरून एकच शब्द म्हणायचे, ‘दार.’ तो शब्द माझ्यासाठी असायचा. मी पोथ्यांच्या खोलीचं कुलूप काढायचो, दार आत ढकलायचो आणि भिंतीला चिकटून उभा राहायचो. गुरुजी ओल्या पंच्यानिशी, अंग चोरून माझ्यासमोरून आत जायचे. ते सोवळ्यात असायचे. किल्ली घरातल्या सगळ्यांनी हाताळलेली, म्हणजे ओवळी, तिला त्यांना शिवता यायचं नाही. मी तर ओवळाच. म्हणून दार उघडणं माझ्याकडे आलं आणि नऊ वर्षं माझ्याकडेच राहिलं.

कुणाला हे हलकं काम वाटेल. मला कधी वाटलं नाही. दीडशे-दोनशे वर्षांच्या पोथ्या ज्या खोलीत आहेत, तिची किल्ली नववीतून शाळा सोडलेल्या माणसाकडे देतात, याचंच मला रोज नवल वाटायचं. रोज कुलूप लावून झालं की तीनदा ओढून बघायचो. जिना उतरून खाली गेलो की पुन्हा वर येऊन चौथ्यांदा. गुरुजींच्या पत्नी, काकू, म्हणायच्या, ‘‘अरे, त्या कुलपाला झोपू दे आता.’’

या घरात मी आलो तो वडिलांच्या अस्थी घेऊन. लातूरला एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला होतो, तिथून निघालो आणि रामघाटाच्या गल्ल्यांत पिशवी छातीशी धरून वाट चुकलो. हिंदी धड येत नव्हती. तेवढ्यात वरच्या सज्ज्यातून एक बाई अस्सल मराठीत माकडाला शिव्या घालताना ऐकू आली, कारण त्याने तिचं वाळत घातलेलं लुगडं नेलं होतं. मी खाली उभा राहून रडायला लागलो. त्या काकू. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. गुरुजींनी कोण, कुठला, कोण गेलं एवढं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बसून सगळे विधी केले. माझ्याकडून काही घेतलं नाही. त्या दिवशी त्यांचा पाण्याचा पंप नुसता गुणगुणत होता, पाणी चढवत नव्हता. मी तो खोलून दुरुस्त केला. मग गीझर, मग पंखे, मग यात्रेकरूंच्या खोल्या. जायचं कुणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गुरुजींकडे सकाळी वेद शिकायला मुलं यायची. परीक्षा घ्यायची त्यांची रीत अशी की सुरुवातीपासून म्हणायला कधी सांगायचे नाहीत. मधलाच कुठला तरी शब्द उच्चारायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पुढचं मुलाने म्हणायचं. रोज वेगळा शब्द. मी पायऱ्या पुसत ऐकायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कोण अडकलं ते कळायचं.

गुरुजींना मूल नाही. त्यांचा पुतण्या त्यांच्याजवळच वाढलेला, शहरात बँकेत नोकरीला. त्याला मी दादा म्हणायचो, तो माझ्याहून लहान असला तरी. घरात तो मराठी बोलायचा, मधून मधून हिंदी घुसायची. बाहेर पाऊल टाकलं की नुसती हिंदी.

मागच्या वर्षी विद्यापीठातल्या एक बाई पोथ्यांची यादी करायला येऊ लागल्या. त्यांनी गुरुजींना दोन गोष्टी सांगितल्या. एकही पोथी खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही आणि आत कोण कधी गेलं याची नोंद राहायला हवी. गुरुजींनी पहिल्या गोष्टीचा शब्द दिला. दुसऱ्या गोष्टीसाठी दादाने वायरलेस कुलूप आणलं.

बसवायला चौकातल्या गल्लीतला दुकानदार आला. मोबाइलची कव्हरं, कॅमेरे, कुलपं असं सगळं विकायचा. दारावर एक काळी डबी बसवली, आत चार पेन्सिल सेल. किल्लीच्या जागी टॅग, चिंचोक्याहून जरा मोठा प्लॅस्टिकचा तुकडा. तो डबीजवळ नेला की चूं आवाज होतो आणि दार सुटतं. तीन टॅग मिळाले. एक गुरुजींचा, तो देवघरात तांब्याच्या वाटीत ठेवला, फक्त सोवळ्यात हाताळायचा. एक दादाचा. तिसरा काळा, माझा. दादाने मोबाइलमध्ये तिघांची नावं भरली. मोबाइल दाराजवळ नेला की कुणाच्या नावाने, किती वाजता दार उघडलं त्याची यादी उतरायची. त्यात माझं नाव आडनावासकट आलं होतं. शाळेच्या हजेरीपटानंतर माझं पूर्ण नाव कुठे लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

वाइंडिंगचं काम केलेलं, त्यामुळे मला राहवेना. या टॅगमध्ये सेल नाही, तार नाही, मग कुलपाला कळतं कसं, असं मी दुकानदाराला विचारलं. त्याने सांगितलं की कुलूपच जवळ आलेल्या टॅगला थोडी वीज देऊन जागं करतं. जागा झाला की टॅग आपला नंबर सांगतो. नंबर कुलपाच्या यादीत असला की दार सुटतं. बस, एवढंच.

मी विचारलं, तोच नंबर दुसऱ्याने सांगितला तर?

तो हसला. ‘‘अरे भैया, छोटा सा ताला है, चार सेल पे चलता है. इसमें ज़्यादा दिमाग डालेंगे तो बैटरी हफ़्ते में बैठ जाएगी.’’ मग माझा चेहरा बघून म्हणाला, ‘‘फिकर मत करो. इसकी चाबी कोई नहीं बना सकता.’’

मीही हसलो. विश्वास ठेवायची मला सवय होती.

गुरुजींनी सोवळ्यातला टॅग दोन-तीन दिवस वापरून बघितला. पुढे त्यांना त्याचा चूं आवाज आवडेना, आणि चौथ्या पायरीवरून पुन्हा ‘दार’ ऐकू यायला लागलं. मला फार बरं वाटलं. कुलूप बदललं, पण माझी जागा गेली नाही.

काही दिवसांनी दादा सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘तुझा टॅग दे जरा, सेल बघायचा आहे.’’ टॅगला सेल नसतो हे मला माहीत होतं, दुकानदाराने माझ्यासमोर सांगितलं होतं. तरी दिला. घरचा माणूस मागतोय, तर सेल असतो की नसतो याचा वाद मी कशाला घालू? तासाभराने त्याने तो परत दिला. त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या बोळातल्या कॅलेंडरखाली, खिळ्याला एक निळा टॅग दिसायला लागला. सोवळ्यात नसताना गुरुजींना लागत असेल, त्यांच्याच नावाचा असेल, असं मी धरून चाललो. त्याच्यावरची धूळही मीच पुसायचो.

मग तो शुक्रवार आला. विद्यापीठातल्या बाईंनी लाल फडक्यातली पोथी मागितली, घराण्यातली सगळ्यात जुनी. मी फडकं आणून समोर ठेवलं. त्यांनी गाठ सोडली. वरची-खालची लाकडी फळी जागेवर होती. मध्ये जुनी पंचांगं होती.

बाईंनी पंचांगं एकेक करून बाजूला ठेवली, जणू पोथी त्यांच्यात कुठे तरी सापडेल. दादा उठला, मोबाइल दाराजवळ नेला, बोटाने वर-खाली केलं. आणि मग तो माझ्याकडे वळून हिंदीत बोलला.

‘‘मंगल को दो बजकर बीस मिनट पे दरवाज़ा खुला है. तुम्हारे नाम से. तुम गए थे अंदर?’’

मी काय बोलायला हवं ते नंतर शंभरदा मनात म्हटलं. त्या वेळी मात्र माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली, की हा हिंदीत का बोलतोय. नऊ वर्षं या घरात तो माझ्याशी मराठीत बोलला होता. मी म्हटलं, मला आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं. कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस मी, आणि आता माझं नाव, आडनावासकट, त्या काचेवर उजळलेलं. मला वाटलं, मी गेलो असेन. काही आणायला गेलो असेन, विसरलो असेन. यंत्र कशाला खोटं बोलेल?

मी गुरुजींकडे बघितलं. ते जपमाळ बघत होते.

बाई म्हणाल्या की हे विद्यापीठाला लेखी कळवावं लागेल, आणि गेल्या. दादाने माझा काळा टॅग मागून घेतला, खिशात टाकला. रविवारपर्यंत पोथी जागेवर आली तर ठीक, नाही तर बॅग उचलायची, असं सांगितलं. काकू पदराने डोळे पुसत होत्या, पण त्यांनी त्या दिवशी माझं ताट वाढलं नाही. मी स्वतःच वाढून घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर बादल्या भरत होतो, तर ओळखीच्या नावाड्याने विचारलं, ती अम्मा पोचली का नीट घरी, जिची चप्पल पाण्यात गेली होती? आणि मला सगळा मंगळवार आठवला. नांदेडकडची मंडळी श्राद्धासाठी आली होती. त्यांच्यातल्या आजींना चालवत नव्हतं. गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, नावेने ने त्यांना अहिल्याबाई घाटावर, आणि तिथले भटजी सगळं आटपेपर्यंत तिथेच थांब. ताम्हन, दर्भ, तीळ, पत्रावळी सगळं माझ्या डोक्यावर दिलं. आम्ही जेवणाआधी निघालो आणि उन्हं उतरल्यावर परतलो. दोन वाजून वीस मिनिटांनी मी नावाड्याच्या बांबूने गाळातून एक चप्पल ओढत होतो.

बादल्या तिथेच टाकून मी धावत वर आलो. मला इतका आनंद झाला होता की आता तो आठवला तरी लाज वाटते. गुरुजी झोपाळ्यावर बसले होते. मी म्हणालो, ‘‘गुरुजी, आठवलं. मंगळवारी मी इथे नव्हतोच. तुम्हीच पाठवलं होतं मला अहिल्याबाई घाटावर, नांदेडच्या आजींबरोबर.’’

गुरुजींनी झोपाळा पायाने थांबवला. मग म्हणाले, ‘‘मला आठवत नाही.’’

हा माणूस कुठलाही मधला शब्द टाकला तरी पुढचं तासभर म्हणू शकतो. उलटं म्हणू शकतो, सुलटं म्हणू शकतो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर झोपेतून उठून मुलाला दुरुस्त करतो. माझ्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव त्याला नऊ वर्षं पाठ आहे, दर पितृपक्षात मला न विचारता घेतो. आणि चार दिवसांपूर्वीचा मंगळवार त्याला आठवत नव्हता.

मी ‘बरं’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिथून मी चौकात गेलो. माझ्या मनात अजून एवढंच होतं की कुलूप चुकत असेल, त्याचं घड्याळ मागे-पुढे झालं असेल. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला कुलूप चुकत नाही. नंबर आला, त्याने नाव लिहिलं.

‘‘दो में से किसने खोला, ये थोड़े बताएगा.’’

मी विचारलं, कुठले दोन?

‘‘एक आपका काला, एक नीला जो बड़े भैया बनवाके ले गए.’’

दुकानदाराने दादाबद्दल अगदी सहज सांगितलं, त्याला वाटलं मला माहीत आहे. गुरुजींना सोवळ्यात नसताना वापरायला एक टॅग हवा होता. त्यांचा स्वतःचा टॅग देवघरातला, तो दुकानात कसा आणणार, दुकानदाराच्या हातात कसा देणार? दादाचा आदल्या दिवशी गाडीच्या किल्लीसकट बँकेतच राहिलेला. माझा ओवळाच होता, त्याला कुणीही शिवलं तर बिघडत नव्हतं. म्हणून माझ्यावरून बनवला. कुलपाला नवा नंबर द्यायचा तर नोंदणी करायला दुकानदाराला पुन्हा घरी यावं लागलं असतं. नक्कल अर्ध्या मिनिटाचं काम.

मी म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होता, ह्याची किल्ली कुणी बनवू शकत नाही.

तो म्हणाला, हे गिऱ्हाइकाला म्हणावंच लागतं. मग जरा ओशाळला असावा, कारण त्याने मला नीट समजावून सांगितलं. महाग कुलपं दर वेळी टॅगला नवा प्रश्न विचारतात, उत्तर टॅगला आतल्या आत तयार करावं लागतं, ऐकून नक्कल करता येत नाही. हे स्वस्त कुलूप. ते दर वेळी एकच विचारतं आणि एकच उत्तर ऐकतं. मी ऐकत होतो आणि मला गुरुजींची मुलं दिसत होती. रोज सुरुवातीचीच ओळ विचारली असती, तर पोपटही पास झाला असता. हे ज्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याच्याच दारावर हे कुलूप होतं.

मी विचारलं, अजून एक बनवता येईल का, पण माझा टॅग काढून घेतलाय. तो म्हणाला, ‘‘टॅग क्या करना है? नंबर तो मशीन में पड़ा होगा.’’ त्याने कॅल्क्युलेटरएवढं यंत्र काढलं, दोन बटणं दाबली, एका लाल टॅगवर टेकवलं. माझं नाव माझ्या हातात परत आलं. त्याच्या गल्ल्यात, रबरबँड आणि सिमकार्डांच्या बाजूला, ते कधीपासून पडून होतं.

घरी आलो तेव्हा तिघं जेवून उठत होते. मी दादाला म्हणालो, वर चला, मोबाइल घेऊन या. माझ्या आवाजात काही असेल, कारण तो आला. गुरुजी आले, काकू हात पुसत मागून आल्या.

मी म्हणालो, ‘‘माझा टॅग तुमच्या खिशात आहे ना, दादा? दाखवा सगळ्यांना.’’

त्याने काळा टॅग काढून दाखवला. मी लाल टॅग डबीला लावला. चूं झालं, दार सुटलं. ‘‘आता वाचा, कुणी उघडलं.’’

त्याने वाचलं नाही. काकूंनी त्याच्या हातातला मोबाइल आपल्याकडे वळवला आणि चष्मा नसताना डोळे बारीक करून माझं नाव वाचलं. मग दाराकडे बघितलं, मग गुरुजींकडे. त्या भाबडेपणाने म्हणाल्या, ‘‘म्हणजे तो बोळातला निळा पण ह्याच्याच नावाचा की काय? अहो, मंगळवारी तोच नव्हता का नेला तुम्ही दोघांनी, ते दिल्लीचे पाहुणे आले होते तेव्हा?’’

तेवढ्याने सगळं बाहेर आलं. दिल्लीचे कुणी जुन्या वस्तूंचे शौकीन आले होते. दादाने पोथी त्यांना नीट बघायला नेऊ दिली होती, चार-पाच दिवसांसाठी. गुरुजी आधी नाही म्हणाले, मग पुतण्यापुढे हो म्हणाले. बाईंना दिलेला शब्द मोडला होता. बाई अचानक आल्या, आणि मोबाइलवर माझं नाव होतं. दादा आता मराठीत म्हणाला, ‘‘परत येणारच होती रे पोथी. रविवारपर्यंतची तर गोष्ट होती.’’

मला त्याचा राग आला नाही. त्याने मला नऊ वर्षांत काही दिलंच नव्हतं. मी गुरुजींकडे बघत राहिलो. ते म्हणाले, ‘‘तुला आम्ही कुठे घालवत होतो?’’ आणि खाली गेले.

पोथी रविवारी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून परत आली. दादाने बाईंना काय कळवलं मला माहीत नाही. माझ्या नावाची नोंद पुसता येते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, या कुलपात पुसायची सोय नाही. म्हणून त्याने अख्खं कुलूपच काढलं आणि जुनं लोखंडी लावलं. काकूंनी किल्ली पूर्वीसारखी दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आणि माझ्या ताटात दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. मी त्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

सोमवारी सकाळी माझी बॅग भरून झाली होती. भेलूपुरात एका वाइंडिंगच्या दुकानात जागा बघून ठेवली होती. वरच्या मजल्यावर माझी कपडे वाळवायची दोरी होती, बॅग खांद्याला लावून ती सोडायला गेलो आणि जिन्यावर ओल्या पावलांचा आवाज आला. चौथी पायरी.

‘‘दार,’’ गुरुजी म्हणाले.

मी भिंतीपाशीच होतो, रोजच्या जागेवर. कोनाडा हाताच्या अंतरावर. माझा हात उठला नाही. मी ठरवून काही केलं नाही, खरं सांगतो. तो उठलाच नाही.

गुरुजी वर आले. पंच्यातून पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या गुंडाळलेल्या दोरीकडे बघितलं. मग त्यांनी कोनाड्यातली किल्ली उचलली. स्वतःच्या हाताने. कुलूप त्यांना लवकर उघडेना, ते जरा उचलून फिरवावं लागतं हे त्यांना कसं माहीत असणार? शेवटी उघडलं. त्यांनी दार आत ढकललं आणि ते आत गेले नाहीत, जाऊ शकत नव्हते आता. किल्ली कोनाड्यात ठेवली, वळले आणि पुन्हा स्नान करायला जिना उतरून गंगेकडे गेले.

मला जायचं होतं. पण दार उघडं होतं, आत पोथ्या होत्या, सज्ज्यात दोन माकडं बसली होती. मी दोरी बॅगेत कोंबली आणि दारात उभा राहिलो. अर्धा तास असेल, जास्तही असेल. मग खालून ओली पावलं यायला लागली. चौथ्या पायरीवर ती यायच्या आत मी मागच्या जिन्याने खाली उतरलो.